हाडांचे बळ स्नायूंच्या हाती

आपल्या मराठवाड्यात एखाद्याच्या कष्टांचे मोल सांगायचे असले म्हणजे 'त्याने लेकरांसाठी हाडाची काडं केली' असे म्हणतात. त्यामागे एक जुनी समजूत आहे. ती अशी की, कष्टाने हाडे झिजतात आणि विसाव्याने ती टिकतात. म्हणूनच आई-वडील साठीच्या पुढे गेले की आपण त्यांना प्रेमाने सांगतो, 'आता बसून खा.' आईच्या कमरेवरची घागर काढून घेतो, वडिलांना ओट्यावर बाज टाकून देतो. ही भावना चांगलीच आहे. तथापि शरीरशास्त्र काय सांगते, तेही आपण समजून घेतले पाहिजे. हाडे कामाने झिजत नाहीत. ती अपुऱ्या अन्नाने झिजतात आणि बसून राहण्याने तर अधिकच झिजतात. हाडांची मजबुती फार मोठ्या प्रमाणात स्नायूंच्या बळावर अवलंबून असते. हे नाते काय आहे, ते वृद्धापकाळी का तुटते आणि ते पुन्हा कसे जोडता येईल, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

हाड ही जिवंत वस्तू आहे

हाड म्हणजे घराची तुळई किंवा लोखंडी सळई, असे आपण समजतो. जालन्यात सळईचे कारखाने असल्याने ही उपमा आपल्याला जवळची वाटते. परंतु सळई एकदा बनली की ती तशीच राहते. हाड तसे नाही. हाडात रक्त खेळते आणि त्यात दोन प्रकारचे कामकरी रात्रंदिवस राबत असतात. एका प्रकारच्या पेशी जुने हाड खणून काढतात, तर दुसऱ्या प्रकारच्या पेशी गवंड्याप्रमाणे तेथे नवे हाड बांधतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्यातील साधारण दहावा हिस्सा अशा रीतीने दरवर्षी नव्याने बांधला जातो. तरुणपणी बांधकाम जास्त असते. तिशीच्या सुमारास हाडांची शिल्लक सर्वाधिक होते. त्यानंतर खणणे हळूहळू बांधण्यापेक्षा वरचढ होते. बँकेत ठेव कमी आणि काढणे जास्त, असा हा व्यवहार आहे. म्हणून विद्यार्थी मित्रांनी ध्यानात ठेवावे की, म्हातारपणी पुरणारी ठेव जमा करण्याचे वय म्हणजे त्यांचे आजचेच वय होय.

हाडाला निरोप कोण देतो?

आता प्रश्न असा की, कोठे किती बांधायचे हे हाडाला कळते कसे? जर्मन शल्यचिकित्सक युलियुस वोल्फ यांनी १८९२ साली सिद्धान्त मांडला की, हाडावर जसा भार पडेल तशी त्याची घडण होते. पुढे अमेरिकेचे डॉ. हॅरल्ड फ्रॉस्ट यांनी १९८७ च्या सुमारास त्याला नेमके रूप दिले. हाडाच्या आत अडकून बसलेल्या असंख्य सूक्ष्म पेशी ताणाची नोंद घेत असतात. ताण पुरेसा असेल तर 'बांधा' असा निरोप जातो. तो फार कमी झाला तर 'हे हाड लागत नाही, काढून टाका' असा निरोप जातो.

हा ताण येतो कोठून? केवळ शरीराच्या वजनातून, असे पुष्कळांना वाटेल. वस्तुतः त्याचा मोठा भाग स्नायूंच्या ओढीतून येतो. स्नायू हा कंडरेने हाडाला बांधलेला असतो. तो आकसला की हाड ओढले जाते. साधे चालताना खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, कारण तोल सांभाळण्यासाठी भोवतालचे स्नायू त्याला जोराने आवळून धरतात. स्नायू जितका बलवान तितकी ओढ मोठी आणि तितके हाड भक्कम.

याचे पुरावे डोळ्यांनी दिसणारे आहेत. टेनिस खेळणाऱ्यांच्या ज्या हातात रॅकेट असते त्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते. याउलट अंतराळवीर वजनरहित अवस्थेत राहतात. तेथे स्नायूंना काम नसते. व्यायाम केला नाही तर त्यांच्या खुब्याचे हाड दरमहा एक ते दीड टक्का कमी होते. आपल्या घरात प्लास्टर काढल्यावर पाय काडीसारखा बारीक दिसतो, तो याचाच लहानसा नमुना आहे. दिसतो तो स्नायू रोडावलेला. आतले हाडही विरळ झालेले असते, पण ते डोळ्यांना दिसत नाही.

याखेरीज स्नायू आणि हाड एकमेकांशी रासायनिक बोलीतही बोलतात. काम करणारा स्नायू काही द्रव्ये रक्तात सोडतो व त्यांचा परिणाम हाडाच्या पेशींवर होतो. दोघांना लागणारा शिधाही एकच आहे. प्रथिने, कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्व कमी पडले तर दोघेही एकदम खंगतात.

वय वाढते तसे

मध्यम वयानंतर दर दहा वर्षांत स्नायूंचा काही टक्के भाग कमी होत जातो. साठीनंतर हा वेग वाढतो. विशेष म्हणजे स्नायूंचा आकार जितका घटतो त्यापेक्षा त्यांची ताकद अधिक वेगाने घटते. म्हणून पाय जाड दिसतो एवढ्यावर समाधान मानू नये. त्यात चरबी किती आणि कामाचा स्नायू किती, हा खरा प्रश्न आहे. या ऱ्हासाला अमेरिकेचे डॉ. आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली 'सार्कोपेनिया' हे नाव दिले. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'मांसाचे दारिद्र्य' असा होतो. हाडे विरळ होण्याच्या विकाराला 'ऑस्टिओपोरोसिस' म्हणतात. ही दोन दुखणी पुष्कळदा एकाच घरात बिऱ्हाड करून असतात.

दोन्ही एकत्र आली की धोका दुप्पट होतो. हाड विरळ झाल्याने ते थोड्या धक्क्याने मोडते आणि स्नायू दुबळे झाल्याने तो धक्का बसण्याची पाळी वारंवार येते. न्हाणीत पाय घसरतो, उंबऱ्याला ठेच लागते. तरुण माणूस अशा वेळी चटकन पाय टाकून स्वतःला सावरतो. वृद्धाचा स्नायू तेवढा चपळ राहिलेला नसतो. खुब्याचे हाड मोडल्यावर वर्षभरात पाचापैकी साधारण एक वृद्ध दगावतो, असे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसले आहे. जे वाचतात त्यांच्यापैकी अनेकांना पुन्हा पूर्वीसारखे चालता येत नाही. मजुरीवर चालणाऱ्या घरात याचा अर्थ आणखी कठीण असतो. शस्त्रक्रियेचा खर्च, त्यातून कर्ज आणि सेवेसाठी घरातल्या एका बाईची बुडालेली मजुरी. क्वचित एखाद्या मुलीची शाळाही त्यात सुटते.

कष्टाच्या शरीराची हाडे का मोडतात?

येथे वाचक रास्त शंका घेतील. कामाने हाड बळकट होते, तर जन्मभर राबलेल्या आमच्या आया-बहिणींची हाडे ठणठणीत असायला हवीत. तशी ती का नाहीत?

याचे पहिले उत्तर अन्नात आहे. भार हा हाडाला 'बांधा' एवढा निरोप देतो. पण विटा आणि सिमेंट नसेल तर गवंडी काय करील? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. वीणा शत्रुघ्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी उत्पन्न गटातील ३० ते ६० वर्षांच्या स्त्रियांची हाडे तपासली आणि २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कष्टकरी असूनही या स्त्रियांच्या हाडांची घनता कमी होती आणि आहारही अपुरा होता.

दुसरे उत्तर जन्माआधीच सुरू होते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो भरले. फरक सर्वत्र सारखा नव्हता. आपल्या बाळांच्या अंगावर चरबी त्या मानाने टिकून होती. खरी तूट होती ती स्नायूंची. याच मुलांची हाडे सहाव्या वर्षी मोजली तेव्हा असे दिसले की, ज्या मातांनी गर्भारपणी दूध, डाळी, पालेभाज्या, मांसाहार व फळे असे कॅल्शियमयुक्त अन्न अधिक वेळा खाल्ले होते, त्यांच्या मुलांची हाडे अधिक भरीव होती. म्हणजे आजीच्या खुब्याचा प्रश्न सुनेच्या ताटापासून सुरू होतो.

तिसरे उत्तर स्त्रियांच्या बाबतीत आहे. पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते. त्यानंतरची पाच-सात वर्षे हाडे झपाट्याने विरळ होतात. पाळी जितकी लवकर जाईल तितका हा काळ लवकर येतो. आपल्या जिल्ह्यातील मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. शस्त्रक्रियेत अंडाशयही काढले गेले तर इस्ट्रोजेन एकदमच बंद होते. पस्तिशीची बाई हाडांच्या हिशेबाने पन्नाशीच्या पुढे जाते, आणि त्याच अवस्थेत ती मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढते. पाळीच्या तक्रारीसाठी 'पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. शस्त्रक्रिया आवश्यकच असेल तर अंडाशय ठेवता येईल काय, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक भगिनीला आहे. ज्यांची अशी शस्त्रक्रिया आधीच झाली आहे त्यांनी घाबरून जाऊ नये. मात्र स्नायू व हाडे यांची काळजी इतरांपेक्षा लवकर सुरू करावी.

घरच्या घरी परीक्षा

स्नायूंची ताकद मोजणे अवघड नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर ४५ वर्षांवरील सुमारे ७२ हजार लोकांची पाहणी केली. तीत घरोघरी जाऊन हाताची पकड, चालण्याचा वेग व तोल मोजण्यात आला. आशियातील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली ठरवलेली मापे अशी आहेत: पकड मोजणाऱ्या यंत्रावर पुरुषाची ताकद २८ किलोपेक्षा व स्त्रीची १८ किलोपेक्षा कमी असेल तर स्नायू दुबळे समजावेत. यंत्र नसेल तर पुढील तीन परीक्षा कोणालाही करता येतात.

१) हात छातीशी घडी करून खुर्चीवरून पाच वेळा पूर्ण उठावे व बसावे. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला तर लक्ष द्यावे.

२) सहा मीटर अंतर नेहमीच्या चालीने चालावे. सहा सेकंदांहून अधिक वेळ लागला तर चाल मंदावली आहे असे समजावे.

३) दोन्ही हातांचे अंगठे व तर्जन्या जोडून पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती कडे करावे. कडे सैल पडून मध्ये फट राहिली तर स्नायू रोडावले असण्याचा संभव जास्त असतो. ही जपानी पद्धत आहे.

परीक्षा घेताना शेजारी धरायला माणूस हवा. परीक्षेत कमी पडणे म्हणजे रोगच जडला असे नव्हे; पण डॉक्टरांना दाखवण्यास ते पुरेसे कारण आहे. हाडांच्या घनतेची खरी तपासणी 'डेक्सा' नावाच्या यंत्रावर होते. शिबिरात टाचेवर यंत्र लावून जी तपासणी करतात ती प्राथमिक असते. केवळ तिच्यावर विसंबून औषधे सुरू करू नयेत.

सत्तरीतही ताकद वाढते

'आता या वयात काय होणार?' असे म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला देतो. १९९० साली बोस्टन येथील वृद्धाश्रमात सरासरी ९० वर्षे वयाच्या दहा जणांना पायांच्या ताकदीचा व्यायाम आठ आठवडे दिला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. २०१८ साली ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. पाळी गेलेल्या व हाडे विरळ असलेल्या स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास प्रशिक्षकाच्या नजरेखाली वजने उचलली. आठ महिन्यांनी त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली, तर हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली. स्नायू म्हातारा झाला तरी तो शिकणे सोडत नाही, आणि स्नायूपाठोपाठ हाडही काही अंशी सावरते.

नुसते फिरायला जाणे हृदयाला चांगले, पण हाडांसाठी तेवढ्याने भागत नाही. स्नायूला जड वाटेल असे काम आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस हवे. त्यासाठी व्यायामशाळा लागत नाही. खुर्चीवरून दहा वेळा उठबस करावी. भिंतीला हात टेकून टाचा वर-खाली कराव्यात. भिंतीवरच उभ्याने जोर काढावेत. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो. ती दोन्ही हातांत घेऊन वर उचलावी. खुंटीला धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहावे. प्रत्येक व्यायाम आठ-दहा वेळा करावा आणि शेवटचे दोन जड जावेत एवढा भार हळूहळू वाढवावा. सोपे झाले की वाढवायचे, हीच त्याची किल्ली.

शेतातले काम करतोच, मग व्यायाम कशाला, असेही विचारतात. निंदणी-खुरपणीत तासन्तास वाकून बसल्याने शरीर दमते. परंतु मांड्या व पाठ यांच्या स्नायूंना पूर्ण ताकद लावावी लागत नाही. दमणे वेगळे आणि बळकट होणे वेगळे.

ताटात काय हवे?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली ठरवल्याप्रमाणे प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वृद्धांना १ ते १.२ ग्रॅम असावीत असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. म्हणजे ५० किलो वजनाच्या आजीला ५० ते ६० ग्रॅम. आता तिचे ताट पाहू. ज्वारीच्या तीन भाकरींतून १५ ते १८ ग्रॅम मिळतात. सोबत लाल तिखटाची चटणी असेल तर काहीच भर पडत नाही. एक वाटी घट्ट वरणातून ६-७ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांतून ७ आणि एका अंड्यातून ६ ग्रॅम मिळतात. हुलगा, मटकी, हरभरा, सुकट, मासे, मटण यांपैकी जे परवडेल ते रोज थोडे तरी असावे. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन भरपूर पिकते. ते पोत्यात भरून बाजारात जाते, घरात राहत नाही. भाजून घेतलेले सोयाबीन दहा किलो ज्वारीत एक किलो या प्रमाणात दळले तर भाकरीचे मोल वाढते.

कॅल्शियम प्रौढांना रोज १००० मिलिग्रॅम व पाळी गेलेल्या स्त्रियांना १२०० मिलिग्रॅम लागते. कपभर दुधातून सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. तीळ, हुलगा, नाचणी, शेवग्याचा पाला व काट्यांसकट खाल्ली जाणारी लहान सुकी मासळी यांतही ते चांगले असते.

'ड' जीवनसत्त्व मात्र ताटात फारसे नसते. ते उन्हात कातडीवर तयार होते. सकाळचे कोवळे ऊन त्यासाठी उत्तम, असा समज आहे. पण ज्या किरणांनी ते बनते ते कोवळ्या उन्हात फार थोडे असतात. ऊन चढल्यावर, दहानंतर, हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटे बसावे. चैत्र-वैशाखात मात्र उष्माघाताचे भान ठेवून वेळ कमी करावी. याची कमतरता झाली तर मांड्यांचे स्नायू दुबळे होऊन उकिडवे बसल्यावर उठवत नाही. ही खूण लक्षात ठेवावी.

काही इशारे

ज्यांचे हाड पूर्वी किरकोळ पडण्याने मोडले आहे, उंची कमी झाली आहे किंवा पाठीला बाक आला आहे, त्यांनी कमरेतून वाकून वजन उचलू नये व डॉक्टरांना विचारूनच व्यायाम करावा. हृदयविकार व रक्तदाब असणाऱ्यांनीही तसेच करावे. सांधेदुखीवर 'हमखास गुण' देणाऱ्या नावगाव नसलेल्या पुड्यांपासून दूर राहावे. अशा औषधांत स्टेरॉईड मिसळलेले अनेकदा सापडले आहे. ते दीर्घकाळ घेतल्यास हाड व स्नायू दोन्ही पोखरले जातात. विडी आणि दारूचेही तेच. ज्यांना डॉक्टरांनी हाडांची औषधे दिली आहेत त्यांनी व्यायाम सुरू केला म्हणून ती बंद करू नयेत. व्यायाम व औषध हे परस्परांचे सोबती आहेत.

आपण काय करू शकतो?

वृद्धांचा मान राखणे म्हणजे त्यांना बाजेवर बसवून ठेवणे नव्हे. त्यांना झेपेल ते काम त्यांच्या हाती राहू द्यावे. न्हाणीत खरखरीत फरशी व धरायला दांडी, रात्री दिवा आणि पायात घट्ट बसणारी चप्पल, एवढी सोय प्रत्येक घराने करावी. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना काठी, कमरेचा पट्टा आदी साधनांसाठी तीन हजार रुपयांची तरतूद करण्यात आली. अशा योजनांची चौकशी तरुणांनी पुढाकार घेऊन करावी.

विद्यार्थी मित्रांना एक काम सुचवावेसे वाटते. आपल्या वस्तीतील साठीवरील प्रत्येकाची खुर्चीची व चालण्याची परीक्षा घेऊन वहीत नोंद करावी. विहाराच्या सभागृहात आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास ज्येष्ठांची उठबस घ्यावी आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे. याला सतरंजी, चार खुर्च्या आणि एक घड्याळ पुरते. ज्यांनी आपल्यासाठी हाडाची काडं केली, त्यांच्या हाडांत थोडे बळ परत घालणे आपल्या हाती आहे, आणि ते उद्यापासून करता येण्यासारखे आहे.